भाकर, सरवा, निदण, जू : रोजच्या कामात सोबत ठेवायला मराठी बायबल कसं आहे?

मराठी बायबलचं परीक्षण बहुतेक वेळा भाषांतर किती अचूक आहे यावर होतं. इथं कसोटी वेगळी ठेवली आहे. भाकरी थापताना, निंदणीला जाताना, हापशावर नंबर लावून उभं असताना किंवा एस.टी.ची वाट बघताना देवाकडे लक्ष वळवायला कोणतं बायबल कितपत कामाला येतं, एवढंच बघायचं आहे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत साधारण तीन गोष्टी सापडतात: बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं जुन्या वळणाचं छापील 'पवित्र शास्त्र', सोप्या मराठीतलं एखादं भाषांतर, आणि फोन. फोनवर ॲप असतं, नाहीतर आवाजातलं बायबल.

निकाल आधीच सांगतो. या कामासाठी जुनं छापील 'पवित्र शास्त्र' सगळ्यांत वर, त्याच्या पाठोपाठ आवाजातलं बायबल. सोपं भाषांतर शेजारी असू द्यावं. ॲपवर रोज येणारं एक वचन सगळ्यांत खाली. जुनं भाषांतर वर येण्याचं कारण त्याच्या शब्दांत आहे. ते भाषांतर झालं तेव्हाची मराठी शेताची, जात्याची आणि खळ्याची होती, आणि मराठवाड्यात ते शब्द अजून तोंडात आहेत.

'भाकर' हाच शब्द घ्या. प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय 6:11) रोजची भाकर मागितली आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही भाकर म्हणजे 'अन्न' असा अर्थ लावून घ्यावा लागतो. लातूर, परभणी किंवा बीडमध्ये अर्थ लावावा लागत नाही, कारण भाकर तव्यावरच असते. योहान 6:9 मध्ये मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आहेत. त्या देशात जव गरिबाचं धान्य होतं आणि गहू महाग. प्रकटीकरण 6:6 मध्ये दर दिला आहे: एका दीनाराला गहू एक माप, तर जव तीन मापं. आपल्याकडं रोज ज्वारीची भाकर आणि सणाला गव्हाची पोळी असं जे चालत आलं, त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. पाच हजारांना पुरलेलं ते जेवण सणाचं नव्हतं, रोजचं होतं. स्वयंपाकघरात मनन करायला एवढा एक मुद्दा आठवडाभर पुरतो.

पण इथंच पहिली अडचणही येते. मत्तय 13:33 मधला खमिराचा दाखला, म्हणजे थोडंसं आंबवण सगळं पीठ फुगवतं तो, ज्वारीच्या भाकरीवर बसत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात मळून, तळहातानं रगडून लगेच थापावं लागतं. ते फुगवून ठेवत नाहीत. भाकर बेखमीरच असते, म्हणून वल्हांडण या यहुदी सणाची बेखमीर भाकर मराठवाड्यात पटकन कळते आणि खमिराचा दाखला मात्र कोरडा वाटतो. त्यासाठी विरजण हाताशी घ्यावं. दुधात चमचाभर दही टाकलं, झाकून ठेवलं, हलवलं नाही, की सकाळी सगळं भांडं लागलेलं असतं. दाखल्यातली बाई तीन मापं पीठ घेते. ते आजच्या हिशेबानं वीस किलोच्या वर जातं, म्हणजे एका घराचं नव्हे, पंगतीचं पीठ. हा आकडा कळल्याशिवाय दाखल्यातलं आश्चर्य हाती लागत नाही आणि छापील प्रतीत तो कुठंच दिलेला नाही. ही उणीव खरी आहे.

दुसरा शब्द 'सरवा'. जुन्या करारातली गरीब विधवा रूथ बोअज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा वेचते, असं जुन्या भाषांतरात सरळ लिहिलं आहे. काढणी झाल्यावर रानात राहिलेल्या शेंगा, कणसं, कापसाची बोंडं वेचणं म्हणजे सरवा, हे मराठवाड्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. सोप्या भाषांतरांत 'मागे राहिलेले धान्य गोळा करणे' अशी मांडणी आली की अर्थ पोचतो, पण रान डोळ्यापुढं उभं राहत नाही. रूथचं पुस्तक फक्त चार अध्यायांचं, 85 वचनांचं आहे. मोठ्यानं वाचलं तर पंधरा-वीस मिनिटांत संपतं. दुसऱ्या अध्यायाच्या 16 व्या वचनात बोअज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाका. संध्याकाळी झोडपून झालं तेव्हा एक एफाभर जव निघाले, म्हणजे साधारण 22 लिटर. एका दिवसाच्या सरव्याला हे अफाट आहे. कुणीतरी मुद्दाम सांडलं होतं, हे या आकड्यावरून उघड होतं. त्याच्या मागं लेवीय 19:9 चा नियम आहे: शेताचा कोपरा कापू नका, गळालेलं वेचू नका. शेत असलेल्या घरानं सुगीत हाच उतारा घ्यावा. तो फक्त वाचून पूर्ण होत नाही, बांधाकडच्या दोन ओळी सोडाव्या लागतात.

'निदण' हा तिसरा. मत्तय 13:25 मध्ये शत्रू गव्हात निदण पेरून जातो. मराठवाड्याच्या कानाला यात लगेच 'निंदणी' ऐकू येते, आणि म्हणूनच इथला शेतकरी अडतो. निंदणी पहिल्या महिना-दीड महिन्यात उरकायची असते. तण वाढू दिलं तर पीक गेलं. मग मालक 'कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या' असं का म्हणतो? त्याचं उत्तर त्या गवतात आहे. पॅलेस्टाइनमधलं हे गवत कणीस बाहेर पडेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं, आणि ओळखू येईपर्यंत त्याच्या मुळ्या गव्हाच्या मुळ्यांत गुंतलेल्या असतात. आपल्याकडं ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला असतो, तो उपटतानाही धाट हलतं. हे एकदा समजलं की खुरपं हातात असताना, कुणाला लगेच उपटून टाकावं असं मनात आलेलं असताना, हे वचन नेमकं लागू पडतं. समजलं नाही तर तण राखणारा मालक विचित्र वाटतो आणि वाचणारा पुढं निघून जातो.

पेरणाऱ्याच्या दाखल्यातही असंच घडतं. तिफणीवर चाड्यातून मूठ सोडणाऱ्याला प्रश्न पडतो, बी वाटेवर पडलंच कसं? नळातून पडलेलं बी तासातच जाणार. दाखल्यातला पेरणारा बी फोकून पेरतो आहे, मूठ उधळतो आहे. वाफ्यात कोथिंबीर किंवा मेथी फोकतात तसं. म्हणून काही वाटेवर, काही खडकाळीवर, काही काट्यांत. हे कळल्यावर त्या पेरणाऱ्याचा सढळ हात दिसतो.

आणि 'जू'. मत्तय 11:30 मध्ये प्रभू म्हणतो की माझं जू सोयीचं आहे. 'सोयीचं' हा शब्द भाषांतरकारांनी फार चांगला निवडला आहे. मूळ ग्रीक शब्दात चांगलं, मायाळू, नीट बसणारं असे अर्थ एकत्र आहेत. जू नीट बसलं नाही तर बैलाला खांदेसूज येते, कातडं सोलतं, आणि चांगला बैलही नांगराला उभा राहत नाही. ज्यानं हे वाक्य म्हटलं तो स्वतः सुतार होता (मार्क 6:3), म्हणजे जू तासणं त्याला नवं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा तेल चोळतात. त्या वेळी हे एकच वचन हातात असावं. ज्याच्या घरी बैल राहिले नाहीत, ट्रॅक्टर आला, त्यानंही एखाद्या म्हाताऱ्याला खांदेसूज कशी येते ते विचारावं. पाच मिनिटांत वचन उलगडतं.

कामात देवाला आठवणं मराठवाड्याला नवीन नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडण करताना देवाला हाक मारली आणि तीच वाट जात्यावरच्या ओव्यांत घरोघर उतरली. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग आणि भजन हाती घेतलं तेव्हा तेही याच वाटेनं गेले. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचं नाव बेथेल. ते नाव उत्पत्तीच्या 28 व्या अध्यायातून आलं आहे. याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर म्हणतो की परमेश्वर या जागी आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथं मंदिर नव्हतं, वेदी नव्हती, एक दगड आणि झोप होती. रोजच्या कामात देव शोधण्याबद्दल बायबलमध्ये याहून थेट उतारा नाही आणि तो मराठवाड्यात एका वस्तीचं नाव होऊन बसला आहे. जालन्याकडं जाणाऱ्या-येणाऱ्यानं 10 ते 22 ही तेरा वचनं एसटीत वाचावीत.

आता वस्तू म्हणून छापील प्रत. कागद फार पातळ असतो, त्याशिवाय 66 पुस्तकं एका खंडात बसणार नाहीत. त्यामुळं बॉलपेन जोरानं चालवला की पाठीमागं उमटतं आणि हायलायटर तर आरपार जातो. खुणेला साधी पेन्सिल वापरावी. दोन रकाने, बारीक अक्षर. चाळिशीच्या पुढच्यांना चुलीच्या किंवा एका बल्बच्या उजेडात वाचणं अवघड जातं, तेव्हा मोठ्या टाइपाची प्रत मिळत असेल तर जादा पैसे द्यावेत. ही जड प्रत स्वयंपाकघरात किंवा रानात नेऊ नये. हळदीचा आणि तेलाचा डाग जात नाही, घामानं पानं एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात भिंतीला लागून फळीवर ठेवली तर वाळवी लागते, म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवावी आणि ऊन पडलं की पानं फडफडवून घ्यावीत.

रानात न्यायला खिशातला नवा करार चांगला, त्याला स्तोत्रं आणि नीतिसूत्रं जोडलेली असतील तर उत्तम. नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणं रोज एक. नव्या करारात 260 अध्याय आहेत, आठवड्याला पाच घेतले तर बरोबर 52 आठवडे लागतात आणि दोन दिवस मोकळे राहतात. ही वाचनाची गती मजुरी करणाऱ्या घराला झेपते. वर्षात सगळं बायबल वाचायचं तर 1,189 अध्याय, म्हणजे रोज तीनहून जास्त. ते पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत हमखास मागं पडतं, आणि मागं पडलं की माणूस वाचणंच सोडतो.

कॅथोलिक घरांनी घेण्यापूर्वी अनुक्रमणिका बघावी. त्यांच्या बायबलमध्ये 73 पुस्तकं असतात. तोबीत, मक्काबी वगैरे ग्रंथ प्रॉटेस्टंट छापात नसतात.

सोप्या मराठीतल्या भाषांतरांबद्दल फार लिहायचं नाही. पौलाची पत्रं जुन्या भाषेत लांबच लांब वाक्यांमुळं गुंततात. रोमकरांस पत्र किंवा इफिसकरांस पत्र घेताना सोपी प्रत शेजारी ठेवली तर निम्मा वेळ वाचतो. शाळकरी मुलांना तीच द्यावी. पण शुभवर्तमानं, रूथ आणि स्तोत्रं जुन्याच भाषेत वाचावीत. एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या वळणात 'तिसरा तास', 'सहावा तास', 'अकरावा तास' असे उल्लेख येतात. हे तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे साधारण सकाळचे नऊ, दुपारचे बारा आणि संध्याकाळचे पाच. मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून पाच वेळा अड्ड्यावर येतो, शेवटच्या वेळी पाच वाजता. सकाळपासून मजूर अड्ड्यावर उभा राहून ज्याला कुणी नेलं नाही त्याला 'अकरावा तास' म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही, फक्त घड्याळाची वेळ सांगितली म्हणजे झालं. दीनार म्हणजे एका दिवसाची हजेरी. येशू जिच्याशी विहिरीवर बोलतो ती शमरोनी बाई सहाव्या तासाला येते (योहान 4), म्हणजे भर दुपारी. उन्हाळ्यात भर दुपारी घागर घेऊन कुणी निघत नाही, आणि निघालंच तर टँकर आलेला असतो किंवा सकाळच्या गर्दीत जायचं नसतं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ज्या भागानं ते दिवस काढले, तिथं विहिरीकाठचा हा संवाद हंड्यांच्या रांगेतच वाचला जावा.

आवाजातल्या बायबलचं वजन वाटतं त्याहून जास्त आहे. हाताला काम असताना डोळे मोकळे नसतात, कान असतात. मराठीत नवा करार ऐकायला मिळतो, बायबल डॉट इजसारख्या मोफत ॲपवरून उतरवूनही घेता येतो. एक मध्यम अध्याय चार-पाच मिनिटांचा, म्हणजे दोन भाकरी होईपर्यंत संपतो. मार्कचे 16 अध्याय दोन तासांच्या आसपास. बीडकडची ऊसतोड जोडपी कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडं निघतात ती सहा महिने कोपीत राहतात. तिथं जाड पुस्तक सांभाळणं होत नाही आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. अशा वेळी घर सोडण्यापूर्वी वायफायवर किंवा गावात रेंज असेल तिथं फाइली उतरवून मेमरी कार्डात टाकाव्यात आणि कार्ड लागणाऱ्या छोट्या स्पीकरवर लावाव्यात. फाइलींना क्रमांक देताना 01, 02 असा पुढं शून्य लावावा. नाहीतर स्पीकर 1 नंतर 10 लावतो, मग 11, आणि गोष्ट तुटते. ही चूक फार घरांत होते.

ऐकण्याचा तोटा हा की थांबणं होत नाही. आवाज पुढं जातो आणि वचन मागं राहतं. उपाय सोपा आहे: अध्याय एकदाच न लावता तोच तीन दिवस लावावा. तिसऱ्या दिवशी पुढचं वाक्य आपसूक आधी आठवायला लागतं, आणि कामात मनन घडतं ते तिथून.

यूव्हर्जनचं बायबल ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, मराठीतली अनेक भाषांतरं एका जागी आहेत आणि मजकूर उतरवून नेटशिवाय वाचता येतो. दोन भाषांतरं ताडून बघायला यासारखं सोयीचं काही नाही. अक्षर मोठं करता येतं, म्हणून वयस्करांना वाचायला छापील प्रतीपेक्षा हे कधी कधी बरं. पण रोज सकाळी पडद्यावर येणारं एक वचन या कामाला पुरत नाही. ते संदर्भातून सुटलेलं असतं, आणि त्याच पडद्यावर बाजारभाव, व्हॉट्सॲपचे संदेश आणि सोसायटीच्या हप्त्याची आठवणही येते. बोट वचनावरून सरकतं आणि दहा सेकंदांत ते विसरलं जातं. ॲप ठेवा, सूचना बंद करा. वाचायची वेळ एखाद्या कामाला बांधा. चहाचं आधण ठेवलं की वाचायचं, ही आठवण कोणत्याही सूचनेपेक्षा पक्की.

वापरण्याची रीत अशी बसते. आठवड्याला एकच काम निवडा, रोज होणारं: भाकरी, दळण, झाडलोट, धार काढणं, दुकानाचं शटर उघडणं. त्या कामाचा उतारा घ्या, बारा वचनांहून मोठा नको. झाडलोटीला लूक 15:8-10, दहा नाण्यांतलं एक हरवलेली बाई दिवा लावून घर झाडते ते. उगवणीची वाट बघण्याच्या दिवसांत मार्क 4:26-29, माणूस झोपतो-उठतो आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. ज्वारी पोटरीत असते, निसवते, हुरड्याला येते, मग दाणा पक्का होतो. दाखल्यातही आधी पात, मग कणीस, मग कणसात दाणा हाच क्रम आहे. चालत किंवा गाडीनं लांब जायचं असेल तर स्तोत्रं 120 ते 134. ही पंधरा आरोहणाची गाणी यरुशलेमला जाणारे यात्रेकरू वाटेनं म्हणत. त्यांतली बहुतेक आठ-नऊ वचनांच्या आतली, 131 आणि 134 तर तीन-तीन वचनांची.

उतारा दोनदा मोठ्यानं वाचा. दुसऱ्या वेळी जो शब्द अडकतो तो एकच घ्या आणि वहीच्या पानाच्या चतकोरावर हातानं लिहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवू नका, लिहिताना जो वेळ जातो तोच कामाचा असतो. कागद कामाच्या जागी लावा, पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून किंवा शटरच्या पट्टीवर. काम सुरू करताना तो शब्द उच्चारा आणि मग सोडून द्या, कामात मन घाला. भाकर करपवून प्रार्थना होत नाही.

रात्री दहा मिनिटं दिवसाची उजळणी. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांनी घालून दिलेली ही रीत कॅथोलिकांत चालत आली आहे, पण ती कुठल्याही मंडळीच्या माणसाला वापरता येते. दोन मिनिटं आभार, तेही नाव घेऊन: सकाळी पाणी आलं, शेजारणीनं ताक दिलं. एक मिनिट पवित्र आत्म्याकडं उजेड मागणं. चार मिनिटं सकाळपासून तासातासानं मागं बघणं, कुठं मन हलकं झालं, कुठं कडवट झालं. दोन मिनिटं चुकल्याची क्षमा. एक मिनिट उद्याच्या एका कामासाठी. आडवं होऊन केली तर झोप लागते, बसूनच करावी. बहुतेक लोक चुकतात ते चौथ्या पायरीत. आभार आणि आठवण घाईत उरकून सगळा वेळ स्वतःला दोष देण्यात जातो. मग आठवड्यात ही रीत नकोशी होते. घड्याळ लावून ठेवलं तर हे टळतं.

सगळ्यांत मोठी चूक वेगळी आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. रोजच्या गोष्टीत देव बघायला शिकलेला माणूस हळूहळू प्रत्येक गोष्टीला खूण समजायला लागतो. पाऊस आला, म्हणजे देव खूश. गारपीट झाली, म्हणजे पाप. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागात हा विचार क्रूर ठरतो. मत्तय 5:45 मध्ये साफ म्हटलं आहे की तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा ती इतरांहून जास्त पापी होती का, हा प्रश्न येशूनंच विचारला आणि उत्तर 'नाही' असं दिलं (लूक 13:4-5). ज्याचं सोयाबीन पाण्यात सडलं किंवा ज्याच्या घरातला माणूस कर्जापायी गेला, त्याच्या ओट्यावर बसून वचनांतून अर्थ काढून दाखवू नये. त्याच्यासोबत स्तोत्र 13 वाचावं. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' असं देवाला विचारलं आहे. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी मोठा हिस्सा अशा रडण्याच्या स्तोत्रांचा आहे. ही प्रार्थनाच आहे, अविश्वास नाही. बायबलकडं रोजचा सोबती म्हणून बघायचं तर ही पानंही तितकीच वापरात असली पाहिजेत, आणि बहुतेक घरांतल्या प्रतींत हीच पानं कोरी करकरीत सापडतात.

दुकानात किंवा मंडळीच्या पुस्तक विक्रीच्या टेबलावर प्रत घेताना एवढं करा. रूथचा दुसरा अध्याय उघडा आणि 'सरवा' आहे का बघा. मत्तय 13 मध्ये 'निदण' बघा. हे दोन शब्द असले तर जुन्या वळणाची प्रत हातात आहे. मग तेच पान हातभर अंतरावर धरून मोठ्यानं वाचा, अडखळत असाल तर टाइप बारीक आहे. प्रत पूर्ण उघडून टेबलावर पालथी न घालता सरळ ठेवा. उत्पत्तीशी आणि प्रकटीकरणाशी दोन्हीकडं पानं सपाट राहिली तर शिलाई चांगली आहे, आपोआप मिटली तर वर्षभरात पुठ्ठ्याजवळ सुटेल. नवी प्रत एकदम मधोमध उघडू नका. पुढून दहा-बारा आणि मागून दहा-बारा पानं आलटून-पालटून दाबत मध्यापर्यंत या, मग कणा तडकत नाही. आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला वाचता येत नसेल तर ते पैसे स्पीकर आणि मेमरी कार्डावर घाला, पहिली फाइल मार्कच्या चौथ्या अध्यायाची टाका.